डेक्कनचे जुने बंगले: वारसा एका घराचा की अख्ख्या गल्लीचा?

बकुळवाट (धागाकर्ती)

आमच्या गल्लीतल्या आणखी एका बंगल्याभोवती पत्रे ठोकले गेलेत. पुण्याच्या डेक्कन भागात, म्हणजे प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता, आपटे रस्ता इथे राहणाऱ्याला त्या पत्र्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. आधी कौलं उतरतात, मग दारं-खिडक्या जुन्या बाजारात जातात, आणि वर्षा-दोन वर्षांत तिथे खाली पार्किंग, वर सात-आठ मजले उभे राहतात. विकणाऱ्या मालकांवर माझा राग नाही, त्यांच्या अडचणी मी जवळून पाहिल्या आहेत. पण ही घरं कशी होती याची साधी नोंदसुद्धा न होता ती जातायत, याचा मला फार त्रास होतो.

आणि ज्या थोड्या बंगल्यांकडे आपलं लक्ष जातं, तेही 'इथे कोण राहत होतं' एवढ्यापुरतंच. गणितज्ञ आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी भांडारकर संस्थेच्या रस्त्यावर राहायचे, तिथून डेक्कन क्वीन पकडून मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जायचे. मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे एरंडवण्यात राहायच्या. अशा घरांवर निळा फलक लागावा, मला मनापासून वाटतं. पण मग शेजारचं घर? तिथे फर्ग्युसनमधले एखादे गणिताचे प्राध्यापक, निवृत्त मामलेदार नाहीतर वकील राहत असतील. त्यांचं नाव कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून त्या घराला किंमत नाही असं कसं म्हणता येईल?

हा भाग वसला कसा ते एकदा बघा. पुण्यात आधी पेठा आणि वाडे. १८९६-९७ च्या प्लेगने दाट वस्तीची भीती लोकांच्या मनात कायमची बसली. घरं सोडून माळावर झोपड्या टाकून राहिलेल्या पिढीने मोकळ्या हवेची किंमत फार महागात ओळखली होती. नदीपलीकडे भांबुर्डे आणि एरंडवणे ही तेव्हा खेडी, शेतं आणि मागे टेकडी. तिथे आधी संस्था गेल्या. १८८५ मध्ये निघालेलं फर्ग्युसन कॉलेज दहा वर्षांत पेठेतून टेकडीच्या पायथ्याशी आलं. १९०५ मध्ये गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापला, १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना सुरू झाला, १९१७ मध्ये भांडारकर संस्था, १९२४ मध्ये लॉ कॉलेज. १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून आली आणि रस्त्याला नाव देऊन गेली. या संस्थांमध्ये काम करणाऱ्यांनी चालत जाता येईल अशा अंतरावर घरं बांधली, म्हणून इथले बंगले असे एकमेकांना धरून आहेत. लकडी पूल ओलांडून पेठेतून इकडे राहायला येणं ही तेव्हाच्या मध्यमवर्गाची मोठी उडी होती.

त्या उडीचा पुरावा घरांच्या नकाशातच आहे. वाडा आत वळलेला असतो: चौक मध्ये, रस्त्याकडे भिंत आणि दिंडी दरवाजा. बंगला बाहेर बघतो. रस्त्याच्या कडेला कमरेएवढी दगडी भिंत, तिच्या आत मेंदीचं कुंपण, मग दहा-पंधरा फूट बाग, मग काळ्या दगडाचं जोतं, चार पायऱ्या आणि व्हरांडा. पण आत गेलं की वाडा पुरता सुटलेला नाही. देवघर आहे, सोवळ्याचं स्वयंपाकघर आहे, कोठीची खोली आहे, मागे तुळस आणि विहीर आहे. समोरून साहेबाचा बंगला आणि मागून आजीचं माजघर! ही जोड ज्या पिढीने घातली तिच्याबद्दल मी खूप वाचलं आहे. पण ती पिढी सकाळी कुठल्या दाराने आत-बाहेर करायची, पाहुण्याला कुठे थांबवायची आणि बाईमाणसं कुठे बसायची, ते मला घराच्या नकाशानेच सांगितलं.

आता मूळ मुद्दा. यातला एक बंगला उचलून तुम्ही संग्रहालयात ठेवलात तरी ही गोष्ट कळणार नाही. ती कळते रांगेत. एकाच उंचीच्या भिंती, एकाच अंतरावर मागे सरकलेली घरं, झाडांच्या वर न जाणारी कौलं. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यानंतर नगररचना योजनांमध्ये जमिनीचे नीट भूखंड पडले, रस्ते आखले गेले, भोवती मोकळी जागा सोडण्याचे नियम आले. अख्खी गल्ली मिळून केलेली ती रचना आहे. महापालिकेच्या वारसा यादीत सुमारे अडीचशे वास्तू आहेत, आणि ती यादी प्रामुख्याने एकेका वास्तूचा विचार करते. अशा गल्लीला तिथे जागा मिळालेली नाही.

याच गल्ल्यांवर २०२० मध्ये काय आलं होतं आठवतंय ना? शहरातले ३२३ सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर (एका जागेवरचा न वापरलेला बांधकामाचा हक्क विकत घेऊन दुसरीकडे वापरणं) वापरता येत नव्हता, म्हणून रस्ताच रुंद करायचा. म्हणजे दोन्ही बाजूंच्या कुंपणाच्या भिंती आणि पुढच्या बागा जाणार. आपल्यातल्या अनेकांनी हरकती नोंदवल्या होत्या. पण हरकती रहदारीबद्दल, पाण्याबद्दल, ड्रेनेजबद्दल होत्या. 'ही भिंत वारसा आहे' असं कुणीच लिहिलं नाही, कारण तसं म्हणायला आधार कुठे होता?

आणखी एक गोष्ट मला सतत खटकते. २०२१ मध्ये राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांवरचं झाड 'वारसा वृक्ष' ठरलं. म्हणजे १९३० च्या बंगल्याच्या आवारात आजोबांनी लावलेला आंबा आज कायद्याने वारसा आहे, आणि ज्या आजोबांनी तो लावला त्यांचं घर मात्र नाही.

तुमच्याकडे या भागातल्या बंगल्यांचे जुने फोटो, मंजूर नकाशे, बांधकामाच्या हिशेबाच्या वह्या असतील तर इथे लिहा. आणि मी कुठे कमी पडत असेन तर तेही सांगा.

जोते_आणि_जाळी

उत्तम धागा. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून बांधकामाच्या बाजूने भर घालतो.

या भागात ढोबळमानाने दोन पिढ्यांचे बंगले आहेत आणि ते वेगळे ओळखता यायला हवेत. पहिली पिढी साधारण १९३५ च्या आधीची. घडीव काळ्या दगडाचं जोतं, वर चुन्यात बांधलेल्या विटांच्या दीड फुटी भिंती, सागवानी कैच्या, रीपा आणि मंगलोरी कौलं. मधल्या मजल्याला लोखंडी गर्डर टाकून त्यावर शहाबादी फरशा. खिडक्या उंच, वर व्हेंटिलेटर, त्याला ओढायची दोरी. कौलांच्या खाली लाकडी फळ्यांचं छत. पोर्चच्या तोंडाला लाकडी झालर. व्हरांड्याला तिरप्या पट्ट्यांची जाळी.

दुसरी पिढी त्यानंतरची. १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली, सिमेंट सहज मिळायला लागलं आणि पुण्यातल्या घरांनी एकदम रूप बदललं. कौलं गेली, सपाट गच्ची आली. गोल वळणाची बाल्कनी, खिडकीवर लांबलचक छज्जा, जिन्याच्या भिंतीत उभी काचेची पट्टी, फाटकावर सूर्यकिरणांची नक्षी. आज लोक मुंबईत मरीन ड्राइव्हला जाऊन आर्ट डेको बघतात आणि इकडे आठव्या-नवव्या गल्लीत तेच बघायला मान वर करत नाहीत.

जमिनीकडे मात्र दोन्ही पिढ्यांत बघा. रंगीत नक्षीच्या सिमेंट टाइल्स. भारत टाइल्सचा कारखाना १९२२ चा, स्वदेशीच्या भरातला. त्याआधी अशा टाइल्स परदेशातून यायच्या. बैठकीच्या खोलीत गालिच्यासारखी किनार काढलेली असते आणि स्वयंपाकघरात साधी चौकट. कुठल्या खोलीवर मालकाने पैसे खर्च केले हे फरशी बरोबर सांगते.

आता धोक्याचं. ज्यांचा बंगला अजून उभा आहे त्यांनी कृपा करून चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका. विटेत आणि चुन्यात थोडी ओल असतेच, ती चुन्याच्या गिलाव्यातून वाळून जाते. सिमेंट ती आत कोंडतं. दोन-तीन पावसाळ्यांत रंग फुगतो, पोपडे पडतात, तुळयांची भिंतीत गेलेली टोकं कुजतात, वाळवी लागते. मग कुणीतरी येऊन सांगतं, "घर पार झिजलंय, पाडायलाच हवं." मी पाहिलेल्या निम्म्याहून जास्त घरांत दुखणं वयाचं नव्हतं, चुकीच्या दुरुस्तीचं होतं. पन्हाळी साफ ठेवा, फुटकी कौलं पावसाआधी बदला, जोत्याशी माती साचू देऊ नका. एवढ्याने घर खूप टिकतं.

चौथी_पिढी

बकुळवाट ताई, तुम्ही मालकांबद्दल समजुतीने लिहिलंत म्हणून मोकळेपणाने लिहितो. मी मालकच आहे. म्हणजे एका बंगल्याच्या अकरा वारसांपैकी एक.

पणजोबांनी घर बांधलं. आजोबांच्या नावावर आलं. त्यांना चार मुलं, दोन मुली. आज मिळकत पत्रिकेवर जी नावं आहेत त्यातले तिघं परदेशात, एक नाशिकला, दोघांचा एकमेकांशी संवाद नाही. घरात माझी आई आणि मी राहतो. छपराची दुरुस्ती काढली तेव्हा पैसे सगळे मी घातले, कारण बाकीच्यांना तिथे राहायचंच नाही. त्यांना दोषही देत नाही. त्यांच्या दृष्टीने ती अडकून पडलेली रक्कम आहे आणि त्यातल्या एकीला मुलाच्या शिक्षणासाठी ती खरोखर हवी आहे.

लोक म्हणतात बंगलेवाले पैशाला भुलतात. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा आठवा. पुण्यात मर्यादा होती १००० चौरस मीटर. कायदा येणार अशी कुणकुण लागली तेव्हाच आमच्या आजोबांनी मागची बाग विकली, कारण सरकारजमा होण्यापेक्षा ती हाताने गेलेली बरी. २००७ मध्ये तो कायदा महाराष्ट्रात रद्द झाला, पण बाग काही परत आली नाही. त्याच्याही आधी भाडे नियंत्रण. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंकडून जे भाडं यायचं त्यात वर्षाचा पांढरा रंगही निघत नसे. मोठा प्लॉट बाळगणाऱ्याला प्रत्येक काळात शिक्षाच झाली आहे.

आता यादीत नाव आलं तर काय होईल? बिल्डर पाऊल मागे घेईल, भावंडं माझ्यावर रागावतील, दुरुस्तीसाठी वारसा समितीची परवानगी लागेल, आणि कौलं तरीही मलाच बदलावी लागतील. मला हे घर राखायचंय. मनापासून. पण वारसा सगळ्यांचा आणि बिल एकट्याचं, हे चालणार नाही.

बकुळवाट

@चौथी_पिढी, हे लिहिल्याबद्दल आभार. तुमचं शेवटचं वाक्य या सगळ्या चर्चेचा कणा आहे.

नियमात थोडी वाट आहे. वारसा वास्तूच्या मालकाला बांधता न आलेल्या क्षेत्राचा टीडीआर देण्याची तरतूद आहे. मालकाने तो विकावा आणि त्यातून घर राखावं, हा हेतू. पण त्यासाठी आधी घर यादीत असायला हवं. दुसरं, श्रेणी तीनच्या, म्हणजे यादीतल्या सगळ्यात खालच्या श्रेणीच्या, वास्तूला बदलाची बरीच मुभा असते. आत नवं न्हाणीघर, नवी वायरिंग, मागे वाढीव खोल्या, याला बंदी नाही. 'यादी म्हणजे घर गोठलं' हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो.

अकरा वारसांचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. टीडीआरचे पैसे अकरा जणांत वाटता येतात, एवढंच म्हणेन. बंगल्याच्या खोल्या वाटता येत नाहीत.

बोहरी_आळी

मी पेठेत वाढलो. धागा आवडला, तरी एक गोष्ट बोलायलाच हवी.

आमच्याकडे वाडे कोसळतायत. टेकू लावलेल्या वाड्यांत पन्नास-पन्नास वर्षं भाडेकरू राहतायत, दर पावसाळ्यात नोटिसा येतात. त्याच्यापुढे प्रभात रस्त्याचे बंगले म्हणजे शहरातल्या सगळ्यात सुखवस्तू लोकांची घरं. शिवाय ही वसाहत कुणाची होती तेही स्पष्ट लिहा. बहुतांश एका-दोन जातींची, शिकलेल्या, सरकारी नोकरीतल्या माणसांची. प्लेगमध्ये पेठ सोडून बाहेर बंगला बांधणं ज्यांना परवडलं त्यांची. मागच्या अरुंद बोळाने सफाई कामगार यायचे, पुढच्या फाटकातून त्यांना मज्जाव होता. कामाला येणाऱ्या बायका व्हरांड्यात नाही, मागच्या पायरीवर बसायच्या. 'वारसा' म्हणून हे सगळं जपायचं का?

बकुळवाट

@बोहरी_आळी, हो, हे सगळं. मागचा बोळसुद्धा.

तुम्ही लिहिलंत त्यातला शब्दन् शब्द बरोबर आहे आणि म्हणूनच मला ही घरं नीट नोंदवायची आहेत. टपाली पाकिटावर छापता येईल असं दर्शनी चित्र मला नको आहे. मागचं संडासाचं दार, आउटहाउसची एक खिडकी असलेली खोली, नोकराचा वेगळा जिना, हे पाडल्यावर 'आमच्या आजोबांच्या काळी सगळे कसे एकोप्याने राहायचे' असं म्हणायला सगळे मोकळे. भिंती उभ्या असल्या की तसं म्हणता येत नाही. एका घराच्या १९२८ च्या नकाशाची प्रत मी पाहिली आहे. त्यात 'बायकांची बैठक' वेगळी दाखवली आहे आणि स्वयंपाकघराला बाहेरून स्वतंत्र दार आहे. जातीचा आणि घरातल्या बायकांचा इतिहास इतक्या उघडपणे दुसऱ्या कुठल्या कागदावर मिळत नाही.

वाडे आणि बंगले यांत मात्र स्पर्धा लावू नका. दोघांनाही एकच नियम मारतोय: जागेची किंमत मोजायची ती फक्त किती चौरस फूट वर चढवता येतील यावर.

नदीकाठ_६१

मी वयाने इथल्या बहुतेकांहून मोठी असेन. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला. पाणी शनिवार-नारायण पेठेत शिरलं, लकडी पूल पाण्याखाली गेला, डेक्कनचा खालचा भागही बुडाला. आमचं घर वर, प्रभात रस्त्याच्या चढाला. त्या दिवसापासून पुढचे कित्येक आठवडे आमच्या व्हरांड्यात आणि गॅरेजात पेठेतली तीन कुटुंबं होती. आईने बंबाखाली लाकडं घालणं थांबवलंच नाही.

पूरग्रस्तांसाठी पुढे गोखलेनगर, सहकारनगर वसलं. नदीजवळचे जे जुने बंगले पाण्यात भिजून खचले ते त्याच दशकात पाडले गेले. १९६३ मध्ये सदनिकांच्या मालकीचा कायदा आला आणि त्या जागांवर पहिल्या 'अपार्टमेंट्स' उभ्या राहिल्या. तेव्हा लिफ्ट बघायला आम्ही जायचो. म्हणजे बंगले जाणं आजचं नाही, साठ वर्षं चाललंय. पण तेव्हाच्या तीन मजली इमारतींनी निदान अंगण आणि झाडं सोडली होती. आताच्या इमारती कुंपणापासून कुंपणापर्यंत खणतात, आणि तळघराच्या खड्ड्यातलं पाणी पंपाने रस्त्यावर सोडत बसतात. आमच्या विहिरीचं पाणी शेजारी खोदाई झाली त्या वर्षी आटलं ते आटलंच.

पासाडेनाची_पोर

नमस्कार. मूळची एरंडवण्याची, आता कॅलिफोर्नियात पासाडेना शहरात राहते. इथे 'बंगलो हेवन' नावाची वस्ती आहे, १९०० ते १९३० च्या दरम्यानच्या लहान लाकडी बंगल्यांची. यातली बहुतेक घरं सामान्य माणसांची. १९८९ मध्ये शहराने ती अख्खी वस्ती संरक्षित परिसर म्हणून जाहीर केली. बकुळवाट ताई म्हणतात ते इथे झालं आहे: एकटं घर साधं, पण रांग मोलाची.

दोन गोष्टी आपल्याकडे घेण्यासारख्या वाटतात. एक, नियम रस्त्यावरून दिसणाऱ्या भागापुरता आहे. पुढचा व्हरांडा, छपराचा उतार, खिडक्यांचा आकार बदलायचा तर परवानगी लागते. आतलं स्वयंपाकघर तुम्ही कसंही करा, कोणी विचारत नाही. दुसरं, राज्यात १९७२ पासून 'मिल्स कायदा' आहे. मालकाने शहराशी किमान दहा वर्षांचा करार करायचा, घर नीट राखायचं, आणि त्या बदल्यात मालमत्ता करात भरघोस सूट घ्यायची. चौथी_पिढी यांच्या बिलाचा प्रश्न इथे असा सोडवलाय. जुन्या घराची कौलं बदलणाऱ्याला दरवर्षी करात सूट देणं आपल्या महापालिकेला अशक्य नसावं.

आणि नोंदीबद्दल. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या अल्टाडेनाला ईटन वणव्याने वेढलं, नऊ हजारांहून जास्त इमारती गेल्या. त्यात शंभर वर्षांचे कितीतरी बंगले होते. घर जळालं तरी विटांच्या चिमण्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यावर बॅचेल्डर नावाच्या कारागिराच्या हाताने घडवलेल्या टाइल्स. स्वयंसेवक राखेत उतरून, यंत्रं येण्याआधी, त्या टाइल्स एकेक सोडवून मालकांना देत होते. कुठल्या घरात कुठल्या टाइल्स होत्या हे ज्यांनी आधी लिहून, फोटो काढून ठेवलं होतं त्यांचं काम किती सोपं झालं असेल, विचार करा. पुण्यात वणवा नाही, पण जेसीबी आहे.

सुभाष_रोडचा

पार्ल्याहून लिहितो. आमच्याकडे पार्ले टिळक विद्यालय १९२१ चं, लोकमान्य सेवा संघ १९२३ चा. त्यांच्याभोवती अशीच बंगल्यांची वस्ती होती, आणि आता बोटावर मोजण्याइतकी घरं राहिली आहेत. आम्ही उशिरा जागे झालो.

मुंबईचा एक अनुभव सांगून ठेवतो. वारसा नियमावली मुंबईत १९९५ मध्येच आली, आणि ती एकेका वास्तूबरोबर अख्खा परिसरही वारसा मानते. पण २०१२ मध्ये शिवाजी पार्क, दादरच्या हिंदू कॉलनी वगैरे परिसरांची नवी यादी प्रस्तावित झाली तेव्हा सगळ्यात मोठा विरोध रहिवाशांनीच केला. जुन्या इमारतींचा पुनर्विकास अडेल ही भीती. यादी वर्तमानपत्रातून कळली, आधी घरी येऊन कुणी काही विचारलं नव्हतं. तेव्हा परिसर मागायचा असेल तर पहिली बैठक मालकांच्या व्हरांड्यात घ्या, महापालिकेत नंतर जा.

चौथी_पिढी

पासाडेनाच्या ताईंचं करसवलतीचं मी भावंडांच्या ग्रुपवर टाकलं. पहिल्यांदाच कुणीतरी 'पाडू' सोडून दुसरा प्रश्न विचारला: दहा वर्षांचा करार म्हणजे नंतर विकता येईल का? निदान बोलणं सुरू झालं.

मधल्या खोलीतल्या टाइल्सच्या मागे कंपनीचं नाव छापलेलं असतं का, @जोते_आणि_जाळी? एक सुटलेली आहे, उचलून बघू शकतो.

जोते_आणि_जाळी

बहुतेक वेळा असतं, उठावात. ओल्या कापडाने पुसा, खरवडू नका. फोटो इथे टाका. आणि टाइल परत बसवताना सिमेंटऐवजी चुन्याच्या गाऱ्यात बसवा, म्हणजे पुढे कुणाला काढावी लागली तर फुटणार नाही.

बकुळवाट

खूप मोलाचं मिळालं. पार्लेकरांचा सल्ला मान्य: आधी मालक.

ठरवलंय ते लिहिते. सुरुवात एका गल्लीपासून, सगळ्या भागाला एकदम हात घालायचा नाही. ज्या घरांतून बोलावणं येईल तिथेच जायचं. प्रत्येक घराचं जोतं, व्हरांडा आणि कुंपणाची भिंत टेपने मोजायची, भिंतीपासून घरापर्यंतचं अंतर तर नक्कीच, कारण रांग त्यानेच सिद्ध होते. मागचा बोळ आणि आउटहाउस सोडायचं नाही. आवारातली जुनी झाडं घेरासकट नोंदवायची. वृक्ष कायद्याचा आधार आज हातात आहे, तो वापरायचा. मंजूर नकाशे मालकांकडे नसतील तर माहिती अधिकारात महापालिकेकडे मागायचे, मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयातून. घरात राहून काम केलेल्या बायकांशीही बोलायचं, फक्त मालकांशी नाही. @बोहरी_आळी, हा भाग तुम्ही घ्याल का? तुम्हाला काय विचारायचं ते माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

करसवलतीचा मसुदा वेगळा. त्यासाठी कर आकारणीचं काम जाणणारं कुणी इथे असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

बोहरी_आळी

घेतो. पण एक अट: नंतर हीच पद्धत आमच्या पेठेतल्या एका आळीलाही लावायची.

बकुळवाट

अट मंजूर. टेप दोन आणा, पन्नास फुटी.